बेरीज जुळेपर्यंत

दार लोटून घ्या, पण कडी नका लावू. आणि तो मोबाइल उलटा ठेव रे, उजेड डोळ्यांवर येतो. हं. मघाशी कोण म्हणालं, फायनान्सवाल्यांनी हप्ते बांधून दिलेत, आता व्याज बंद? तू का? लेखी घेतलंस? ...नाही ना. मग नीट ऐक. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस आजही माझ्या शेजारच्या गाळ्यात बसतो. उद्या सकाळी जाऊन विचारा. सांगणार नाही तो, ती गोष्ट वेगळी.

मोटर वाइंडिंगचा धंदा त्याचा. जळालेले पंप, पंखे, मिक्सर यायचे. आतली करपलेली तार उपसायची, नवी तांब्याची भरायची, वरून गरम वॉर्निश सोडायचं. खिशात कायम तारेचं वेटोळं, म्हणून सगळे त्याला कॉइल म्हणतात. चिडली की बायकोसुद्धा कॉइलच म्हणते. कान असा की डोळे मिटून पंख्याखाली उभा केला तरी सांगेल, बेअरिंग गेलंय की कपॅसिटर. आणि भुताखेतांचा विषय काढला की पोट धरून हसायचा. आता हसत नाही.

झालं असं की गाळ्याला आग लागली तेव्हा त्याने एका फायनान्स कंपनीकडून कर्ज उचललं. नीट फेडत होता. मग बायकोचं ऑपरेशन निघालं आणि सात-आठ हप्ते थकले. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. गाळ्यावर, घरी, इतकंच काय, सासुरवाडीलाही. शेवटी शाखेच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब मवाळ माणूस. एकदा त्यांच्या घरचा पंप कॉइलनेच भरून दिला होता, तेव्हा त्यांनी पैसे वरच्या चिल्लरीसकट मोजून हातावर ठेवले होते. तेच साहेब म्हणाले, "एक लाख ऐंशी हजार निघतात तुमच्याकडे. महिन्याला साडेसात हजार भरा. चोवीस हप्ते. व्याज आजपासून बंद."

"साहेब, लेखी मिळेल काही?"

"सिस्टिममध्ये टाकतो ना मी. माझा शब्द आहे."

शब्दावर विसंबून कॉइलने दोन वर्षं काढली. मोटारसायकल विकली, मेव्हण्याची जुनी स्कूटर वापरायला घेतली. चष्म्याची काच तडकली होती, तीच लावून बारीक तार भरायचा. बायको घरी बसून औषधांच्या डब्यांना लेबलं चिकटवायची. लेक नऊ वर्षांची, तिलाही पाठ झालं होतं, दहा तारखेला बाबांकडे काही मागायचं नाही. एक हप्ता चुकला नाही. एकही.

चोविसावा भरला आणि तो खातं बंद झाल्याचा कागद आणायला गेला. तारीख एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "काका, ब्याऐंशी हजार नऊशे त्रेपन्न बाकी आहेत."

कॉइलला वाटलं, दुसऱ्याचं खातं उघडलं.

"नाही, तुमचंच आहे. व्याज चालूच होतं ना. आधी व्याजात जमा होतं, उरलेलं मुद्दलात. आणि आता रोज अडुसष्ट रुपये अठरा पैसे चढतायत, तेव्हा लवकर बघा."

"अगं पण साहेबांनी बंद केलं होतं व्याज. माझ्यासमोर."

"तशी नोंद नाही इथे. लेखी आहे काही?"

"साहेबांनाच बोलव."

मुलीने कीबोर्डवरून हात काढला. मागे रांग होती, कोणीतरी पावती पुढे सरकवत होतं. "ते साहेब आता नाहीत, काका," एवढं बोलून ती पुढच्या माणसाकडे वळली.

नाहीत म्हणजे बदली झाली असेल, नाहीतर नोकरी सोडली असेल. कोणीही हेच समजलं असतं.

संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "घर माहीत आहे ना त्यांचं? जा. पाया पडा, भांडा, काय वाटेल ते करा. एक ओळ लिहून आणा, की मी व्याज बंद केलं होतं. त्याशिवाय येऊ नका."

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने स्कूटरला किक मारली. साहेबांचं घर पुलापलीकडच्या नव्या वसाहतीत. पाण्याच्या टाकीमागून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधकामं आणि अगदी टोकाला ते बैठं घर. त्या रस्त्यावर दिवे आहेत, पण एकाआड एक बंद. कॉइल आपल्या विचारात. काय बोलायचं त्याची मनात उजळणी करत चालला होता. भीतीबिती काही नाही. राग होता.

पोचला तेव्हा नऊ चाळीस झाले होते. पुढच्या खोलीत ट्यूब लागलेली. पायरीवर एकही चप्पल नाही. त्याने आपल्या काढल्या. बेल दाबली, वाजली नाही. दारावर हात ठेवला तर दार आत सरकलं.

"या," आतून आवाज आला. "उघडंच आहे."

साहेब जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पाठ दाराकडे. समोर एक जाडजूड रजिस्टर, बाजूला फायलींची चळत, हातात पेन. मान खाली, हात चालू.

"साहेब, मी..."

"बसा. तुमचंच चाललंय."

कॉइलला बरं वाटलं. म्हणजे साहेबांच्या कानावर गेलंय तर! तो समोरच्या खुर्चीत बसला आणि दिवसभराचं सगळं भडाभडा बोलून मोकळा झाला. काउंटरवरची मुलगी, ब्याऐंशी हजार, रोजचे अडुसष्ट रुपये. साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पेन थांबलं नाही.

"एक ओळ लिहून द्या साहेब. तुमच्या हातची."

"देणार. त्यासाठीच तर बसलोय. आधी बेरीज जुळू दे. तुम्ही एक करा. तुम्ही आकडे वाचा, मी मांडतो."

आणि रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

खोली गार होती. खिडक्या बंद, तरी हाडापर्यंत गार. वर पंखा फिरत होता, चांगला जोरात. कॉइलने सवयीने कान दिला.

पंख्याला आवाज नव्हता.

जुन्या पंख्याचा आवाज येतोच हो. नव्याचाही येतो. मोटर म्हटली की ती गुणगुणणारच. इथे काहीच नाही. पाती गरागरा फिरतायत आणि टेबलावरचा एक कागद हलत नाहीये.

"वाचा," साहेब म्हणाले.

तो वाचायला लागला. हप्ता क्रमांक एक, तारीख, साडेसात हजार. दोन. तीन. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याचीच सही. चौदा. पंधरा. त्याला नवल वाटलं, पावतीवर सह्या केल्या होत्या, रजिस्टरवर कधी केल्या? वीस. तेवीस. चोवीस. संपलं, म्हणून त्याने वर बघितलं.

"पान उलटा," साहेब म्हणाले.

पान उलटलं.

हप्ता क्रमांक पंचवीस.

"साहेब, हा मी भरलेला नाही."

"वाचा."

तारीख पुढच्या महिन्याची. सही त्याची. सव्वीस. सत्तावीस. पुढचं वर्ष. त्याच्या पुढचं. त्याला थांबायचं होतं, पण तोंड थांबेना. आपलाच आवाज आपल्याला लांबून ऐकू यावा, तसं झालं. चाळीस. साठ. आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं, की खोलीत वाचणारा तो एकटा नाही.

आतल्या खोलीतून कुजबुज येत होती. कोणीतरी खालच्या आवाजात आकडे वाचत होतं. एक जण नाही. बरेच. बायका होत्या, म्हातारे होते. प्रत्येकाचा आकडा वेगळा, सूर मात्र एक.

"आत... कोण आहे?"

"तुमच्यासारखेच. त्यांनाही शब्द दिलाय."

"इतक्या रात्री? घरी जात नाहीत?"

पेन पहिल्यांदा थांबलं.

"बेरीज जुळली की जातील."

...

नव्वद. शंभर. एकशे दहा. पुढे पुढे त्याची सही बिघडत चालली होती. अक्षरं तिरकी व्हायला लागली. कापायला लागली. म्हाताऱ्या हाताची सही... त्याचीच.

भिंतीवर घड्याळ होतं. तेही मुकं. दोन्ही काटे एकावर एक आले. बारा.

साहेबांनी समोरच्या कागदावरची बेरीज खोडली. आडवी एक रेघ, शांतपणे.

"एक दिवस वाढला," ते म्हणाले. "अडुसष्ट रुपये अठरा पैसे. आता पुन्हा पहिल्यापासून."

आणि मान वर केली.

कॉइल मला म्हणाला, चेहऱ्यात वाईट काही नव्हतं. तोच चेहरा, तोच चष्मा. थकलेला. पण डोळे... डोळे त्याच्याकडे बघत नव्हते. डावीकडून उजवीकडे जायचे. झटकन डावीकडे यायचे. पुन्हा उजवीकडे. समोर कागद नाही, काही नाही, तरी वाचतायत. त्याच्या तोंडावरच जणू ओळी लिहिल्यात.

"वाचा."

किती वेळ वाचलं, त्याला ठाऊक नाही. किती वेळा पहिल्यापासून सुरुवात केली, तेही नाही. शेवटचं एवढंच आठवतं. पान उलटलं. हप्ता क्रमांक दोनशे बारा. तारीख खूप पुढची. आणि ओळीच्या शेवटी सही... त्याची नव्हती.

लेकीची होती. पूर्ण नाव. मोठ्या माणसासारखं जोडून लिहिलेलं.

"नाही," तो म्हणाला.

आतली कुजबुज थांबली. एकदम. सगळी.

साहेबांच्या डोळ्यांचं वाचणं थांबलं.

मग आत एक खुर्ची मागे सरकली.

दुसरी.

मग... सगळ्या.

तो उठला. दाराकडे धावला. पायरीवर पाय टाकला तो चपलांवर पडला. येताना रिकामी होती ती पायरी. आता तिथे चपलाच चपला. बायकांच्या, पोरांच्या, झिजलेल्या, अंगठा तुटलेल्या, एकावर एक. तो त्यांतच कोसळला. उठला. अनवाणी पळाला. स्कूटर चालू होईना. ढकलत नेली. मागे बघितलं नाही.

पुलाजवळच्या पेट्रोल पंपावर पोचला तेव्हा रात्रीचे दोन पन्नास झाले होते. पंपावरच्या माणसाने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, काय झालं विचारलं. कॉइलने नुसतं बोट दाखवून 'साहेबांचं घर' एवढंच म्हटलं.

"त्या टोकाच्या घरात? कोण भेटलं तिथे?" तो माणूस म्हणाला. "दादा, ते घर बंद आहे."

सकाळी तो माझ्याकडे आला. अंग तापाने फणफणलेलं. म्हणाला, चल माझ्याबरोबर, एकट्याला जमणार नाही. मी गेलो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय, ऐकीव नाही. दाराला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. भिंतीवर मीटरची जागा रिकामी, तारा कापून टोकांना टेप गुंडाळलेली. म्हणजे त्या घरात वीजच नव्हती. पायरीवर फक्त कॉइलच्या चपला. बाकी धूळ. आणि त्या धुळीत, दुसऱ्या कुणाचं सोडा, त्याचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.

शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्या म्हणाल्या, साहेब जुलैतच गेले. रात्री टेबलाशी बसल्या बसल्या. सकाळी बायकोने हाक मारली तर हातात पेन तसंच. त्यांच्या पत्नी आता भावाकडे राहतात. नर्सबाईंनी फोन लावून दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पत्नी स्वतः गाळ्यावर आल्या.  रात्रीचं काही सांगितलं नाही कॉइलने. फक्त म्हणाला, "वहिनी, साहेबांनी मला शब्द दिला होता." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुम्ही एकटे नाही." आणि पिशवीतून एक डायरी काढली.

"वरून हुकूम होता," त्या म्हणाल्या. "लोकांना सांगा व्याज बंद, म्हणजे ते घाबरून पळणार नाहीत, भरत राहतील. ह्यांना वाटलं, खरंच बंद होतंय. कळलं तेव्हा उशीर झाला होता. सारखं वर लिहायचे, कोणी उत्तर देईना. शेवटचे सहा महिने झोपले नाहीत हो. रात्र रात्र बेरजा करत बसायचे. म्हणायचे, माझ्या तोंडून फसवलं यांनी माणसांना."

डायरीत एक्केचाळीस नावं होती. प्रत्येकासमोर तारीख, रक्कम, हप्ते आणि खाली एकच वाक्य. व्याज बंद, असे मी यांना सांगितले आहे. त्याखाली सही. बाराव्या पानावर कॉइल.

खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर आपलं पान फाडून घेतलं असतं आणि सुटलो म्हटलं असतं. त्याने तसं केलं नाही. गाळा अर्धा दिवस बंद ठेवायचा आणि डायरीतला एकेक पत्ता शोधत फिरायचा. एक शिंपीण भेटली, एक शाळेचा शिपाई, बेकरीत भट्टीवर राबणारा एक. सहा जण तर वारलेले. त्यांची पोरं भरत होती. सगळ्यांना गोळा करून त्याने वकील गाठला. डायरीच्या प्रती काढल्या, तक्रार केली, तारखांना खेटे घातले. रात्री मात्र बाहेर पडायचा नाही. आणि घरात पंखा लावू द्यायचा नाही. लावलाच, तर खाली उभा राहून आधी आवाज ऐकायचा.

मेमध्ये कंपनी नमली. सगळ्या एक्केचाळीस खात्यांवरचं व्याज काढून टाकलं. ज्यांचं जास्त गेलं होतं त्यांना परत मिळालं. कॉइलला शिक्का मारलेला कागद आला. खातं बंद, बाकी शून्य. त्याने तो लेकीला मोठ्याने वाचायला लावला. दोनदा. बायको रडली. मलाही बोलावलं होतं जेवायला.

तुम्ही म्हणाल, झालं की मग चांगलं. झालंच.

जेवताना मी बघितलं, डाव्या हाताच्या अंगठ्याला त्याने चिंधी बांधली होती. म्हटलं, कापलं का? त्याने आधी बायकोकडे बघितलं. बायको आत गेल्यावर चिंधी सोडली.

अंगठा निळा होता. शिक्क्याच्या पॅडची शाई असते ना, तसा. फक्त पेरापुरता.

म्हणाला, त्या रात्रीपासून आहे, इतके दिवस तुझ्यापासूनही लपवला. पंपावर पाणी प्यायलो तेव्हा दिसला. साबण झाला, रॉकेल झालं, थिनर झालं. जात नाही.

मी म्हटलं, "पण तू तर सही करतोस. अंगठा कशाला दिलास?"

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "दिला की नाही ते आठवत नाही. ...कशावर, तेही नाही."

त्यानंतर महिन्याभराने वॉर्निश ओतताना डबा कलंडला आणि नेमकं त्याच अंगठ्यावर गरम वॉर्निश सांडलं. सांडलं की त्याने सांडू दिलं, मी विचारलं नाही. पेरावरची सगळी कातडी निघाली. दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो, मलमपट्टीही रोज मीच करायचो. आत लालभडक मांस. निळं कुठे नाही. मला वाटलं, चला, गेलं एकदाचं.

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडली.

नवी कातडी आली होती. कोवळी. पातळ.

...निळी.